‘अल्पसंख्याक’ या शब्दात आपली मुलगी बसते का?

न्यू जर्सीतील एका वाचक भगिनींचे पत्र:

‘नणंदेने केलेल्या अर्जावरून ग्रीन कार्ड मिळून आम्ही पाच वर्षांपूर्वी भारतातून इकडे आलो. यजमान एका गोदामात पाळीप्रमुख आहेत आणि मी पाळणाघरात अर्धवेळ काम करते. मुलगी हायस्कूलच्या अकराव्या इयत्तेत आहे. गेल्या वर्षी सासूबाई राहायला आल्या, तेव्हा त्यांचा वॉकर न्हाणीघराच्या दारातून आत जाईना, म्हणून तिने घरातली सगळी दारे मोजून वहीत नकाशे काढले होते. तेव्हापासून तिला आर्किटेक्चर किंवा इंटिरियर डिझाइनच शिकायचे आहे. दोन्हींपैकी काय, ते अजून ठरत नाही. या विषयांत अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी पुष्कळ शिष्यवृत्त्या असतात असे ऐकले. आम्ही त्यांत येतो का? ओळखीतले एक गृहस्थ म्हणाले की, ज्या गटाला शिष्यवृत्ती आहे त्याच्या चौकटीत खूण करून मोकळे व्हा, कोणी तपासत नाही. एक संस्था शुल्क घेऊन शिष्यवृत्तीची हमी देते आहे. काय करावे ते कळत नाही.’

सस्नेह नमस्कार.

आपल्या दोन प्रश्नांची उत्तरे लगेच देता येतात. शिष्यवृत्तीची हमी देणाऱ्या संस्थेला एक डॉलरही देऊ नका. शिष्यवृत्ती कोणाला द्यायची हे ती देणारा ठरवतो, मधल्या माणसाच्या हाती काहीच नसते. अशी हमी हीच फसवणुकीची खूण समजावी, असा इशारा अमेरिकेचे फेडरल ट्रेड कमिशन अनेक वर्षे देत आले आहे. आणि जी ओळख आपल्या मुलीची नाही, तिच्या चौकटीत खूण करू नका. या दुसऱ्या उत्तराचे कारण मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण त्यातच आपल्या मुख्य प्रश्नाचेही उत्तर दडलेले आहे.

‘अल्पसंख्याक’ हा शब्द आपण भारतातून सोबत आणतो आणि त्याचा अर्थही तिकडचाच आणतो. भारतात या शब्दाने धर्म अभिप्रेत असतो. मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि जैन हे अधिसूचित समुदाय आहेत. अमेरिकेतील अर्जांवर याच अर्थाचा वाटणारा ‘मायनॉरिटी’ हा शब्द वंशाविषयी आणि मूळ समाजाविषयी बोलत असतो, धर्माविषयी नव्हे. तेथे आपली मुलगी ‘एशियन’ या गटात येते. लोकसंख्येच्या हिशेबाने हा गट अल्पसंख्याकच आहे, यात शंका नाही. परंतु शिष्यवृत्तीच्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा आणखी एक शब्द असतो, तो म्हणजे त्या व्यवसायात अल्पप्रतिनिधित्व असलेला गट. हा निकष लावला की आशियाई विद्यार्थी अनेकदा बाहेर राहतात, कारण वास्तुविशारदांमध्ये त्यांची संख्या त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कमी नाही. याउलट देशाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे १३ टक्के असताना परवानाधारक वास्तुविशारदांत त्यांचे प्रमाण जेमतेम २ टक्क्यांच्या आसपास आहे.

ही दरी आपोआप पडलेली नाही. लॉस एंजेलिसचे पॉल रिव्हिअर विल्यम्स १९२३ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. आपल्या शेजारी बसायला गोऱ्या ग्राहकांना संकोच वाटतो हे ओळखून त्यांनी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून उलट रेखाटन करण्याची कला आत्मसात केली होती, म्हणजे समोरच्याला नकाशा सुलट दिसावा. त्यांचे निधन १९८० मध्ये झाले आणि त्या संस्थेचे सुवर्णपदक त्यांना मिळाले ते २०१७ मध्ये, मरणोत्तर. १९६८ मध्ये त्याच संस्थेच्या पोर्टलंड येथील अधिवेशनात नॅशनल अर्बन लीगचे प्रमुख व्हिटनी यंग यांनी समोर बसलेल्या वास्तुविशारदांना त्यांच्या तोंडावर सुनावले की, नागरी हक्कांच्या लढ्यात हा व्यवसाय गप्प राहिला आहे. आज आर्किटेक्ट्स फाउंडेशन चालवत असलेल्या डायव्हर्सिटी अ‍ॅडव्हान्समेंट स्कॉलरशिपची मुळे त्या भाषणानंतर, १९७० मध्ये, फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने सुरू झालेल्या योजनेत आहेत. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटमध्ये बारा कृष्णवर्णीय वास्तुविशारदांनी एकत्र येऊन ‘नोमा’ ही संघटना स्थापन केली.

हा इतिहास मी मुद्दाम सांगितला. आपल्या ओळखीतल्या गृहस्थांना ती चौकट एक कागदी सोय वाटते. प्रत्यक्षात ती एका विशिष्ट अन्यायाची भरपाई म्हणून आखलेली असते, आणि तेथे खोटी खूण केली तर ज्या मुलासाठी ती जागा राखली गेली त्याचीच जागा जाते. ‘कोणी तपासत नाही’ हेही खरे नाही. अनेक ठिकाणी मुलाखत असते, शिफारसपत्र देणारे शिक्षक मुलीला ओळखत असतात, अर्जाखाली माहिती खरी असल्याची सही असते, आणि खोटेपणा उघड झाल्यास रक्कम परत मागितली जाऊ शकते. सतरा वर्षांच्या मुलीच्या व्यावसायिक आयुष्याची पहिली सही खोट्या माहितीखाली होऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

मग आपल्या मुलीसाठी काहीच नाही का? तसे अजिबात नाही, मात्र प्रत्येक योजनेची भाषा शब्दशः वाचावी लागेल. एसओएम फाउंडेशनचा रॉबर्ट वेस्ली पुरस्कार पाहा. एसओएम या वास्तुरचना कंपनीचे पहिले कृष्णवर्णीय भागीदार असलेल्या वेस्ली यांच्या नावाने तो २०२० मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याची व्याख्या कृष्णवर्णीय, मूलनिवासी आणि सर्व गौरेतर विद्यार्थी अशी व्यापक होती. या व्याख्येत आपली मुलगी सरळ बसते, आणि आर्किटेक्चरबरोबर इंटिरियर आर्किटेक्चरचे विद्यार्थीही त्यात धरलेले आहेत. तो पदवीचे शिक्षण सुरू असलेल्यांसाठी आहे, त्यामुळे त्याची पाळी यायला अजून वेळ आहे. सांगायचा मुद्दा इतकाच की, ‘अल्पसंख्याक’ हा मथळा दोन योजनांवर सारखाच असला तरी आतल्या पात्रतेच्या ओळी वेगळ्या असतात, आणि निर्णय त्या ओळींवर होतो.

त्या ओळी सध्या बदलतही आहेत. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांच्या खटल्यात प्रवेश देताना वंशाचा निकष लावण्यास मनाई केली. तो निकाल प्रवेशाविषयी होता, शिष्यवृत्त्यांविषयी नव्हता. तरीही त्यानंतर अनेक विद्यापीठांनी आपल्या शिष्यवृत्त्यांचे नियम पुन्हा तपासले. २०२४ मध्ये एका अपील न्यायालयाने केवळ कृष्णवर्णीय महिला उद्योजकांसाठी असलेल्या एका खासगी अनुदान योजनेला स्थगिती दिली, तेव्हा खासगी संस्थाही सावध झाल्या. परिणाम असा की, काही योजनांतून वंशाची अट गेली आणि तिच्या जागी ‘या व्यवसायातील विविधता वाढवण्याची बांधिलकी’, ‘घरातील पहिली पदवीधर पिढी’, ‘आर्थिक गरज’ असे निकष आले. म्हणून कोणाकडून मिळालेल्या जुन्या यादीवर विसंबू नका. ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षीचे माहितीपत्रक त्या त्या संस्थेकडूनच घ्या. या बदलांमुळे ज्यांच्यासाठी योजना मुळात होत्या त्या मुलांचे नुकसान होते आहे आणि त्याचे मला वाईट वाटते; परंतु आपल्या मुलीसारख्या, मध्यम उत्पन्नाच्या स्थलांतरित घरातल्या विद्यार्थिनीला पूर्वी बंद असलेली काही दारे आज अर्ज करण्यापुरती तरी उघडी आहेत, हेही वास्तव आहे.

आता ज्या गोष्टीविषयी आपण विचारलेच नाही, तिच्याविषयी मला सर्वाधिक सांगायचे आहे. शिक्षणाच्या खर्चाचा मोठा वाटा सहसा व्यावसायिक संघटनांच्या शिष्यवृत्त्यांतून येत नाही. त्या रकमा मानाच्या असतात, उपयोगी असतात, पण बहुधा एका वेळेपुरत्या असतात. मोठी मदत संघराज्य सरकार, राज्य सरकार आणि खुद्द महाविद्यालय यांच्याकडून येते, आणि त्या सर्वांचे प्रवेशद्वार म्हणजे ‘फाफ्सा’ हा अर्ज. आपल्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे आपली मुलगी नागरिक नसूनही या अर्जास पात्र आहे. (हे वाचणाऱ्या एच-४ या आश्रित व्हिसावरील कुटुंबांनी लक्षात घ्यावे की त्यांना ही संघराज्याची मदत मिळत नाही; त्यांनी महाविद्यालयाच्या स्वतःच्या आणि खासगी योजनांकडेच पाहावे.) फाफ्सा साधारणपणे १ ऑक्टोबरला खुला होतो. मुलगी बारावीत गेल्यावर तो पहिल्या काही आठवड्यांतच भरून टाका. त्यावरून पेल ग्रँटची पात्रता ठरते; २०२५-२६ या वर्षासाठी तिची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर आहे आणि ही रक्कम फेडावी लागत नाही.

न्यू जर्सीत राहण्याचा आपल्याला आणखी लाभ आहे. राज्याची ट्युइशन एड ग्रँट उत्पन्नावर आधारित असते. त्याहूनही माझ्या मते महत्त्वाचा आहे तो एज्युकेशनल अपॉर्च्युनिटी फंड, म्हणजे ‘ईओएफ’. १९६७ मध्ये नेवार्क शहरात उसळलेल्या असंतोषानंतर १९६८ मध्ये राज्याने तो कायद्याने उभा केला. त्याचा निकष वंश नाही, तर आर्थिक आणि शैक्षणिक अडचण हा आहे. पैशाबरोबरच पहिल्या वर्षाआधीचा उन्हाळी अभ्यासक्रम, समुपदेशन आणि शिकवणीची मदत त्यातून मिळते. आपले उत्पन्न त्याच्या मर्यादेत बसते का, हे महाविद्यालयाच्या ईओएफ कार्यालयाला आताच विचारून घ्या, कारण हा अर्ज प्रवेशअर्जासोबतच करायचा असतो आणि प्रवेश झाल्यावर आठवण झाली तर उपयोग होत नाही. ज्या मुलांच्या घरात या देशातील महाविद्यालय कोणीच पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी यासारखी योजना क्वचित सापडते.

एक बारकावा येथेच सांगते. बाहेरून शिष्यवृत्ती मिळाली की काही महाविद्यालये आपण देऊ केलेली मदत तेवढ्याने कमी करतात, आणि कुटुंबाच्या हाती शेवटी काहीच वाढीव येत नाही. मेरीलँड राज्याने २०१७ मध्ये आपल्या सार्वजनिक महाविद्यालयांना असे करण्यास बंदी घातली. सर्वत्र तशी बंदी नाही. त्यामुळे प्रत्येक महाविद्यालयाला लेखी विचारा की, बाहेरची शिष्यवृत्ती आल्यास आपण कर्जाचा भाग कमी करता की अनुदानाचा. शिष्यवृत्तीतून शिक्षणशुल्क, सक्तीची फी आणि आवश्यक पुस्तके-साहित्य यांवर केलेला खर्च करमुक्त असतो, राहण्या-जेवण्यावर वापरलेला भाग करपात्र ठरतो. तेव्हा पावत्या जपून ठेवा.

आर्किटेक्चर की इंटिरियर डिझाइन, हा प्रश्न मुलीचा आहे आणि तो तिलाच सोडवू द्या, पण त्याची पैशाची बाजू तिला माहीत असावी. वास्तुविशारदाचा परवाना हवा असेल तर बहुतेक राज्यांत नॅशनल आर्किटेक्चरल अ‍ॅक्रेडिटिंग बोर्डाची, म्हणजे ‘नाब’ची, मान्यता असलेली पदवी लागते. बी.आर्क. ही पदवी साधारण पाच वर्षांची असते. आर्किटेक्चरमधील चार वर्षांची पदवीही पुष्कळ महाविद्यालये देतात, पण तिला ही मान्यता नसते आणि पुढे एम.आर्क. करावे लागते. त्यानंतर ३,७४० तासांचा नोंदवलेला अनुभव आणि सहा भागांची परीक्षा. इंटिरियर डिझाइनची पदवी सहसा चार वर्षांची असते, तिची मान्यता ‘सीडा’ ही परिषद पाहते आणि व्यावसायिक परीक्षा तीन भागांची असते. इंटिरियर डिझाइन म्हणजे पडदे आणि रंग एवढेच, असा समज आपल्या समाजात अजून आहे. तो मनातून काढून टाका. आग लागल्यावर माणसे कोणत्या वाटेने बाहेर पडतील, प्रकाश किती हवा, भिंतीमागे काय आहे, वृद्ध माणसाचा हात कोठे टेकेल, हे सगळे त्या शिक्षणाचा भाग आहे.

पाचवे वर्ष हे या क्षेत्रातील कुटुंबांना हमखास अडचणीत आणणारे वर्ष असते. महाविद्यालय ‘चार वर्षांची शिष्यवृत्ती’ देते, घरचे आनंदतात आणि बी.आर्क.चे शेवटचे वर्ष पूर्ण खर्चाने अंगावर येते. प्रवेश स्वीकारण्यापूर्वी दहाही सत्रांसाठी मदत मिळेल का, हे विचारून घ्या. पेल ग्रँट बारा सत्रांइतकी मिळू शकते, त्यामुळे तेथे अडचण नाही. शुल्काशिवाय स्टुडिओचाही खर्च असतो. प्रतिकृतींसाठी पुठ्ठा आणि लाकूड, मोठ्या नकाशांची छपाई, जड सॉफ्टवेअर पेलणारा संगणक. ऑटोडेस्क ही कंपनी आपली आराखड्यांची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना विनामूल्य देते, तेवढा भार तरी हलका होतो. नेवार्कमधील न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये दोन्ही विषय एकाच शाखेत शिकवले जातात. तेथे राज्यातील रहिवाशांचे शुल्क लागू होते आणि मुलीला दोन्ही स्टुडिओ प्रत्यक्ष पाहता येतील. एक दिवस तिला घेऊन जाऊन या.

इंटिरियर डिझाइनमध्ये वंशाशी संबंध नसलेल्या चांगल्या शिष्यवृत्त्या आहेत. अँजेलो डोंघिया फाउंडेशन पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांना मोठी रक्कम देते. ‘एएसआयडी’ या व्यावसायिक संघटनेच्या फाउंडेशनच्या योजना आहेत, आणि हॉटेल-आतिथ्य क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्यांसाठी एनईडब्ल्यूएच या संस्थेच्या आहेत. यांतील बहुतेक महाविद्यालयात गेल्यावर उपयोगी पडतात. आज, अकरावीत असताना, तिने एक गोष्ट मात्र अवश्य करावी. ‘एस मेंटर प्रोग्रॅम’ हा १९९४ मध्ये सुरू झालेला विनामूल्य उपक्रम हायस्कूलच्या मुलांना शाळा सुटल्यावर प्रत्यक्ष काम करणाऱ्या वास्तुविशारद, अभियंते आणि बांधकाम व्यावसायिकांबरोबर बसवतो, आणि त्यात सहभागी झालेल्यांना शिष्यवृत्त्याही देतो. न्यू जर्सीत त्याची शाखा आहे. आर्किटेक्चर की इंटिरियर, याचे उत्तर तिला माझ्या सल्ल्यापेक्षा तेथील काही महिन्यांत अधिक नीट मिळेल. ‘नोमा’च्या विद्यार्थी शाखांविषयीही सांगायला हवे. महाविद्यालयात गेल्यावर तिने तेथे जावे, पण पैशासाठी नव्हे. या व्यवसायातील विषमता जवळून पाहिलेल्या माणसांसोबत काम करायला मिळणे, हे स्वतंत्रपणे मोलाचे आहे.

शेवटी निबंधाविषयी. मी एका शिष्यवृत्तीच्या अर्जवाचन समितीवर काही वर्षे काम केले आहे. ‘मला लहानपणापासून इमारतींचे आकर्षण आहे’ या वाक्याने सुरू होणारे निबंध मी इतके वाचले आहेत की, त्यांतला एकही आता आठवत नाही. आपल्या पत्रातील न्हाणीघराच्या दाराचे वाक्य मात्र मी दोनदा वाचले. आपण ते ओघात लिहून गेलात, पण आपल्या मुलीचा अर्ज तेथेच आहे. सार्वजनिक इमारतींच्या दाराची मोकळी रुंदी किमान ३२ इंच असावी, असे अमेरिकेतील अपंग हक्क कायद्याची मानके सांगतात. खासगी घरांना ती साधारणपणे लागू नसतात, आणि म्हणूनच आपल्या सासूबाई दाराशी अडल्या. तिने मोजलेले दार किती इंचांचे होते? वॉकर किती रुंद होता? तिने काय सुचवले आणि घरमालकाने काय उत्तर दिले? बिजागरी बदलून एखादा इंच मिळाला का? आजी तेवढे दिवस कशा निभावल्या, त्यांना कोणाची मदत मागायचा संकोच वाटत होता का? हे तिने आकड्यांसह, साध्या वाक्यांत लिहावे. सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच २०२३ च्या निकालात हेही नमूद आहे की, आपल्या पार्श्वभूमीने आपल्या आयुष्यावर काय परिणाम केला हे विद्यार्थी निबंधात सांगू शकतो. त्यामुळे स्थलांतर, एकत्र राहणारी तीन पिढ्यांची माणसे आणि त्यांना ध्यानात न घेता बांधलेली घरे, हे सगळे तिला मोकळेपणाने लिहिता येईल, आणि त्यात एकही शब्द खोटा नसेल.

निबंध तिनेच लिहावा. आपण तो वाचा, आजींना मराठीत सांगून त्यांच्या आठवणी ताडून पाहा, पण वाक्ये सुधारू नका. शिफारसपत्रासाठी तिचे काम पाहिलेल्या शिक्षकांना यंदाच्या वसंतातच विचारा. बारावीच्या शरदात त्यांच्याकडे गर्दी असते. आणि दारांची मापे असलेली ती वही सांभाळून ठेवा. नकाशे पुन्हा सुबक काढायचा मोह तिला होईल, तो टाळायला सांगा. खाडाखोड, चुकलेले माप आणि त्याशेजारी लिहिलेले बरोबर माप यांच्यासह त्या पानांची छायाचित्रे पोर्टफोलिओत पहिल्या जागी लावा, आणि मागाहून काढलेले सफाईदार नकाशे त्यांच्यानंतर येऊ द्या.